हमी मिळाली, दर मिळाला नाही

करोनाकाळात केंद्र सरकारने उद्योगांना काय दिले, याची चर्चा बहुधा २० लाख कोटी रुपये या एका आकड्यापाशी येऊन थांबते. त्या आकड्यात रिझर्व्ह बँकेने आधीच खुली केलेली रोकडही धरली होती, हे आता सर्वज्ञात आहे. अधिक उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल २०२० मध्ये यंत्रे बंद ठेवून भाडे, व्याज आणि मजुरी भागवणाऱ्या लहान कारखानदाराच्या हाती प्रत्यक्षात काय पडले?

त्याच्या हाती मुख्यतः कर्ज पडले. १३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज थकीत नसून येणे होते, त्याच्या २० टक्के रक्कम तारणाविना मिळणार होती. मुदत चार वर्षे, पहिल्या वर्षी मुद्दल फेडायचे नाही, आणि बुडाल्यास संपूर्ण भार सरकारी हमी कंपनीवर. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला या रचनेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. नवे अर्ज नाहीत, नवी छाननी नाही. लाभार्थ्यांची यादी बँकांच्या खातेवह्यांत तयारच होती. योजनेची मर्यादा पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली आणि सुमारे १ कोटी १९ लाख कर्जदारांपर्यंत ती पोहोचली. आपल्या योजनांचा इतिहास पाहता ही कामगिरी लहान नव्हे.

मात्र ज्या खातेवहीने योजना वेगवान केली, तिनेच तिची सीमाही आखली. तमिळनाडूतील तिरुप्पूरचे उदाहरण घ्या. तेथील होजिअरी एका छपराखाली तयार होत नाही. विणकाम एकाकडे, रंगाई दुसऱ्याकडे, छपाई, शिलाई, गुंड्या लावणे आणखी कुणाकुणाकडे. निर्यातदाराचे बँकेत खाते आणि पतमर्यादा असते. त्याच्यासाठी दहा-पंधरा यंत्रांवर मजुरीने शिवणाऱ्याचा व्यवहार पुष्कळदा उचल आणि उधारीवर चालतो. बँकेचे कर्जच नसल्याने त्याचे २० टक्केही शून्यच होते.

मजुरीच्या बाबतीत तर सरकारने स्वतःचा हात आखडताच ठेवला. २९ मार्च २०२० च्या आदेशाने गृह मंत्रालयाने मालकांना टाळेबंदीतही पूर्ण वेतन देण्यास फर्मावले. १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांना आपसांत बोलणी करण्यास सांगितले. ब्रिटनमध्ये याच काळात कामावरून न काढलेल्या कामगारांच्या वेतनाचा ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारी तिजोरी उचलत होती. येथे प्रसंगाला अनुरूप म्हणून १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढण्यात आला. ज्या प्लेगमुळे तो कायदा झाला, त्या प्लेगात मुंबई सोडून निघालेल्या कामगारांना थोपवण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली होती. शासनाने तेव्हाही अधिकार घेतले होते, खर्च नव्हे.

खरी विसंगती व्यापार धोरणात दिसते. निर्यातीला प्रोत्साहन देणारी जुनी योजना जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने ऑक्टोबर २०१९ मध्ये नियमबाह्य ठरवली होती. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेरचे कर, म्हणजे इंधनावरील कर, वीजशुल्क, बाजार समितीचा सेस वगैरे, निर्यातदाराला परत करणारी नवी योजना १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. पण तिचे दर १७ ऑगस्टला अधिसूचित झाले. साडेसात महिने माल बंदरातून जात होता आणि त्यावर किती परतावा मिळणार, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. तयार कपड्यांसाठी जुनीच वेगळी सवलत पुढे चालू राहील, हा निर्णय १४ जुलैला झाला. या धंद्यात परदेशी खरेदीदाराला दर कित्येक महिने आधी सांगावा लागतो आणि नफा टक्क्या-दोन टक्क्यांवर तोलला जातो. सावध माणूस परतावा शून्य धरून भाव सांगतो आणि मागणी बांगलादेशाकडे जाते. पोलाद, रसायने आणि औषधे तर डिसेंबर २०२२ पर्यंत योजनेबाहेरच होती.

याच काळात, फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाने कापसावर आयातशुल्क बसवले. अधिभारांसह ते ११ टक्के झाले. कापूस उत्पादकाचे हित हे त्यामागील कारण होते, आणि विदर्भ-मराठवाड्याला ते सांगण्याची गरज नाही. सूत महागले ते मुख्यतः जगभर कापूस महागल्यामुळे, हेही खरे. पण पर्यायी मालाची वाट त्याच वेळी अरुंद झाली. शुल्क उठले एप्रिल २०२२ मध्ये. म्हणजे एका मंत्रालयाने हमी देऊन मिळवून दिलेले खेळते भांडवल सुताच्या बिलात जिरत होते. कर्ज चार वर्षांचे होते, फेडायचे होतेच.

हे सारे आज आठवण्याचे कारण अमेरिकेचे आयातशुल्क. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ते ५० टक्क्यांवर गेले आणि तिरुप्पूर पुन्हा बातम्यांत आले. १२ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी २० हजार कोटींपर्यंतच्या अतिरिक्त कर्जाला शंभर टक्के हमी मंजूर केली. हमी देणारी कंपनीही तीच, २०२० ची. कापसावरील शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झाले खरे, पण प्रथम केवळ ३० सप्टेंबरपर्यंत. ब्राझील वा आफ्रिकेतून कापूस ठरवून, जहाजात भरून, येथे सोडवून घ्यायला सहा आठवडे पुरत नाहीत, हे कोणत्याही गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते. मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवल्याची घोषणा त्यानंतर दहा दिवसांनी आली.