शिखर नसलेला डोंगर

मराठवाड्यातल्या बालाघाट रांगेत शिखर शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. घाट चढून अहमदपूरकडे आलं की पुन्हा सपाट माळ, तूर, हरभरा, आणि नजर पोचेल तिथवर तेच. डोंगर गेला कुठे? तो पायाखालीच असतो. हिमालय रेट्याने वर आला, बालाघाट तसा उचलला गेलेला नाही. दोन्ही बाजूंची जमीन गोदावरी, मांजरा आणि त्यांच्या उपनद्यांनी खरवडून नेली. मधलं जे उरलं, त्याला आपण डोंगर म्हणतो.

घाटात रस्त्यासाठी कापलेली एखादी दरड बघून गाडी बाजूला घ्या. तळाशी घट्ट काळा पाषाण दिसेल, पहारीलाही दाद न देणारा. त्याच्यावर तोच दगड, पण भोकाभोकांचा. काही भोकं रिकामी, काहींत पांढरे स्फटिक गच्च भरलेले. कुठे त्याच्यावर विटकरी मातीचा पट्टा, आणि पट्ट्यावर पुन्हा काळा पाषाण. एवढ्याशा उंचीत लाव्हाचे दोन पूर एकावर एक उभे आहेत. लाव्हातला वायू वर निसटता निसटता अडकला, म्हणून माथा सच्छिद्र झाला. पुढे झिरपत्या पाण्यातली द्रव्यं त्या पोकळ्यांत साठत गेली, त्यांचे हे स्फटिक.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते विटकरी पट्ट्याचं. तो म्हणजे दोन पुरांमधली उसंत. खालचा थर निवला, ऊनपावसाने कुजून त्याची माती झाली, आणि मग पुढच्या लाव्हाने ती गाडली. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आणि आपली कोरडी, याचं अर्धं उत्तरही या दरडीतच आहे. घट्ट पाषाणात भेग लागली नाही तर कितीही खोल जा, पाणी लागत नाही.

लाव्हाचे हे पूर एखाद्या शंकूसारख्या ज्वालामुखीतून नव्हे, तर जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आले. काळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराचा. (त्यांना कोणी संपवलं, या लाव्हाने की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.) पण त्या भेगांपासून इतक्या लांब येईपर्यंत लाव्हा थिजला कसा नाही? वरचा पापुद्रा आधी थिजतो आणि आतली उष्णता धरून ठेवतो. त्याच्याखालून रस सरकत राहतो. काही लाव्हा अशा रीतीने पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेला, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

धिरड्याचं पीठ तव्यावर कसं मध्ये जाड आणि कडेला विरळ होत जातं, तसं या दगडाचं आहे. महाबळेश्वरकडे तो किलोमीटरभराहून जाड, आणि लातूर-नांदेड ही त्याची कड. इथे तो नेमका किती जाड, हे कळलं ते मात्र फार मोठी किंमत मोजून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. दख्खनच्या पठाराला धक्का बसत नाही, हा समजही गेला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतलं. 338 मीटरपर्यंत लाव्हाचा काळा पाषाण लागला. त्याखाली गाळाचा फक्त 8 मीटरचा थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची, उघड्यावर पाऊस झेलणारी जमीन. आणि तिच्याखाली अब्जावधी वर्षांचा तळखडक.

देगलूर-बिलोलीकडे तो प्राचीन खडक बघायला यंत्र लागत नाही. किल्लारीपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास गेलं की काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटचे करडे-गुलाबी गोलसर धोंडे उघड्यावर येतात. काळी माती सुटून रेताड, तांबूस जमीन लागते.

वाटेत औसा तालुक्यातलं खरोसं चुकवू नका. इथली टेकडी तांबड्या जांभ्याची. कोकणाचा म्हणून ओळखला जाणारा हा दगड इथे, मराठवाड्यात, हेच आधी पटत नाही. उष्ण, दमट हवेत पाषाण कुजला, बाकीचं वाहून गेलं, लोह मागे राहिलं. सहाव्या शतकाच्या सुमारास त्यात लेणी कोरली गेली. मूर्ती झिजल्या आहेत. जांभ्याकडून वेरूळच्या नजाकतीची अपेक्षा धरू नये.

बीड जिल्ह्यातला पाटोदा तालुका बालाघाटाच्याच रांगेवर आहे. तिथे पडलेला थेंब उत्तरेला ओघळला तर सिंदफणेतून गोदावरीत जातो. दक्षिणेला ओघळला तर मांजरेत जातो, आणि मांजरा त्याला लातूर, बीदर, तेलंगणा असा 724 किलोमीटरचा फेरा घडवते. मग उत्तरेला वळून, बिलोली तालुक्यातल्या कुंडलवाडीच्या पलीकडे, कंदकुर्तीपाशी गोदावरीलाच मिळते. संगम बघायचा तर पावसाळा सरताना जा. उन्हाळ्यात, धरणांनी अडवलेल्या मांजरेत, पाण्यापेक्षा वाळूच जास्त.