चेन्नईला जाताय? एक सकाळ लाटांसाठी ठेवा! 🏄

न्हावरेकर मंडळी, आपलं पोहणं विहिरीतलं. पण दौंडहून चेन्नईला थेट रेल्वे आहे, आणि चेन्नईपासून साधारण 40 किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडलगत, कोवलम हे मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्याच मूर्ती मेघवन यांनी सर्फिंगची शाळा उभी केली आणि गावातली पोरं लाटांवर उभी राहिली.

अर्ध्या दिवसात काय होतं?
🔹 आधी वाळूवर सराव: पालथं पडायचं, छातीशी हात टेकवायचे, एका झटक्यात उभं राहायचं.
🔹 मग कमरेएवढ्या पाण्यात. नवख्यांना 8-9 फुटी, मऊ फोमचा बोर्ड देतात. तो पट्ट्यानं घोट्याला बांधलेला असतो.
🔹 नजर किनाऱ्याकडं. पायाकडं पाहिलंत की पडलात!

सकाळीच जा, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाणी खवळतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं ईशान्य मोसमी पाऊस असतो, हवामान बघूनच निघा.

⚠️ ओढ आत खेचू लागली तर तिच्या विरुद्ध पोहू नका. बोर्ड सोडू नका, किनाऱ्याला समांतर सरका, हात वर करून मदत मागा.

कोण कोण येतंय? कमेंटमध्ये सांगा!