क्रमांकाची घरे

एका मोठ्या संगणकावर शेकडो माणसे काम करीत असली, तरी तो संगणक त्यांना नावांनी ओळखीत नाही. नावे माणसांच्या सोयीसाठी. यंत्राच्या दफ्तरी प्रत्येकाचा एक क्रमांक असतो. कोणती फाइल कोणाच्या मालकीची व ती उघडण्याचा अधिकार कोणाला, याचा निवाडा त्या क्रमांकावरूनच होतो. युनिक्स आणि तिच्या धर्तीवरील प्रणालींत ० हा क्रमांक व्यवस्थापकाचा. त्याला कोणतेही दार बंद नसते.

हा क्रमांक बिटांमध्ये लिहिला जातो. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एकच अंक मावणारे घर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स उभारली, तेव्हा ती वापरणारी माणसे मूठभर होती. म्हणून क्रमांकाला आठच घरे दिलेली होती. त्यांत २५५ पर्यंतचे आकडे मावत. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत घरे सोळा झाली व मर्यादा ६५,५३५ वर गेली. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेल्या लिनक्सनेही हीच सोळा घरे पत्करली.

मोठमोठ्या संस्थांना पुढे तीही अपुरी पडू लागली. ६५,५३६ हा आकडा द्विमान पद्धतीने लिहिला, तर एकावर सोळा शून्ये येतात. सोळाच घरांत तो कोंबला, की अग्रभागीचा एक गळून पडतो आणि उरते ते शून्य. म्हणजे कालपरवा दाखल झालेला माणूस यंत्राच्या दृष्टीने व्यवस्थापकच ठरावयाचा!

घरे वाढविणे फारसे अवघड नव्हते; अवघड होते ते सोळा घरांच्या हिशेबाने रचलेल्या जुन्या आज्ञावलींना सांभाळणे. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीने क्रमांकाला बत्तीस घरे दिली. त्यांत चार अब्जांहून अधिक आकडे मावतात. मात्र जुनी खिडकी बंद न करता तिच्या शेजारी नवी उघडण्यात आली. जुन्या खिडकीशी आलेल्या आज्ञावलीला न मावणारा क्रमांक सांगण्याची वेळ आली, तर तो छाटला जात नाही. ६५,५३४ हा ठरावीक आकडा सांगितला जातो. पुष्कळ ठिकाणी तो ‘नोबडी’, म्हणजे ‘कोणीही नाही’, या नावाच्या, विशेष अधिकार नसलेल्या खात्याचा असतो. चुकायचेच, तर अधिकार कमी देण्याच्या बाजूने चुकावे, हा त्यामागील विचार शहाणपणाचा होय.

६५,५३५ ची गोष्ट आणखी निराळी. सोळाही घरांत एक असलेला हा आकडा फाइलीचा मालक बदलण्याच्या आज्ञेत ‘आहे तोच मालक राहू द्या’ अशी खूण म्हणून वापरला जाई. जुन्या खिडकीतून तो आला, की प्रणाली त्याच्या जागी बत्तीसही घरांत एक असलेला आकडा घालते. एरव्ही ती फाइल ६५,५३५ क्रमांकाच्या कोणा परक्याच्या नावे चढली असती.