रस्ता नेमका किती रुंद?

डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पा शाळा आणि घरांच्या किमतींवरून सुरू होतात आणि फिरून फिरून ‘तीनशे ऐंशी’वर येतात. तीनशे ऐंशी म्हणजे यूएस ३८० हा महामार्ग. प्लेनोच्या उत्तरेला साधारण पंचवीस किलोमीटरवरून तो पूर्व-पश्चिम जातो. एके काळी शेतांमधून जाणारा हा रस्ता आज सिग्नल, दुकानं आणि गाड्यांच्या रांगांनी भरून गेला आहे.

यामागचं गणित सरळ आहे. १९६०च्या जनगणनेत प्लेनोची वस्ती ३,६९५ होती. २०२०मध्ये ती २,८५,४९४ झाली. प्लेनो भरलं तशी वस्ती उत्तरेला फ्रिस्को, मॅकिनी, प्रॉस्परकडे सरकली. अख्ख्या काउंटीची लोकसंख्या २०००मध्ये पाच लाखांच्या आत होती, ती वीस वर्षांत साडेदहा लाखांच्या पुढे गेली. एवढ्या माणसांच्या गाड्या सिग्नलच्या रस्त्यावर मावणार कशा? मग टेक्ससच्या परिवहन खात्याने, म्हणजे टेक्सडॉटने, कोइट रोड ते एफएम १८२७ या सुमारे २४ किलोमीटरच्या टप्प्यासाठी आठ पदरी, बिनसिग्नलचा महामार्ग आखला. दोन्ही बाजूंना सेवा रस्ते, आणि मॅकिनी शहराला उत्तरेकडून वळसा.

आणि वाद पेटला.

ए की बी, सी की डी?

वळसा नेमका कुठून घ्यायचा, यावर पश्चिमेकडे दोन आखण्या समोरासमोर आल्या. ‘ए’ मॅकिनीच्या हद्दीतल्या वसाहतींना खेटून जाणारी, तर ‘बी’ प्रॉस्परमधून जाणारी. मॅकिनीवाल्यांना बी हवी होती, प्रॉस्परवाल्यांना ए. बीच्या वाटेजवळ ‘मेनगेट’ हे अपंग मुलांना आणि मोठ्यांना घोडेस्वारीतून उपचार देणारं केंद्र आहे. घोडा आवाजाला बुजतो, त्यामुळे महामार्ग आला तर उपचार कसे चालायचे, असा प्रश्न उभा राहिला. एच्या वाटेवर ‘टकर हिल’सारख्या वसाहती, त्यांना धूर आणि गोंगाटाची धास्ती. पूर्वेकडेही तोच प्रकार. ‘डी’ ट्रिनिटी नदीच्या ईस्ट फोर्क या फाट्याच्या पूरक्षेत्रातून जास्त लांब जाणारी, म्हणून लांबलचक पूल मागणारी. ‘सी’ पूरक्षेत्र कमी घेणारी, पण तिथल्या रहिवाशांच्या म्हणण्यानुसार झाडं, गवताळ जमीन आणि घरं जास्त खाणारी.

२०२३च्या सुरुवातीला पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल आला, जनसुनावण्या झाल्या, हरकतींचा ढीग पडला. सप्टेंबर २०२३मध्ये अंतिम निर्णय जाहीर झाला: पश्चिमेला ए, पूर्वेला सी आणि मधे सगळ्याच पर्यायांत सामाईक असलेला ‘ई’ टप्पा.

आपल्याकडे शक्तिपीठ महामार्गावरून कोल्हापुरात जे चाललं, ते पाहिलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. प्रत्येकाचं म्हणणं थोडक्यात एकच असतं: रस्ता करा, पण माझ्या बांधावरून नको. यात स्वार्थ आहे तसं तथ्यही आहे. पण नकाशावरची रेष इकडे ओढायची की तिकडे, यातच सगळी ताकद खर्च झाली, की एक प्रश्न मागे पडतो. हा रस्ता मुळात किती रुंद आहे?

भूसंपादनाच्या कागदांवर उत्तर सोपं आहे: शंभर मीटर, काही ठिकाणी बरंच जास्त. परिसरशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. हार्वर्ड विद्यापीठातले रिचर्ड फोरमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका उपनगरी महामार्गाचे परिणाम कुठवर पोहोचतात ते मोजलं. पाणी, पक्षी, हरणं, तण असं सगळं धरून ‘रस्त्याचा परिणामपट्टा’ सरासरी सुमारे ६०० मीटर रुंद निघाला. अमेरिकेच्या एकूण भूभागाचा सुमारे पाचवा हिस्सा रस्त्यांच्या परिणामाखाली येतो, असा त्यांचा २०००मधला अंदाज होता. डांबर आणि काँक्रीटने प्रत्यक्ष झाकलेली जमीन याच्या मानाने अगदी थोडी.

काळी माती, तिथली आणि इथली

कॉलिन काउंटी ज्या जमिनीवर वसली आहे, ती विदर्भातल्या शेतकऱ्याने पाहताक्षणी ओळखावी अशी आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगून पायाला चिकटणारी काळी कापसाची माती. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झाली, तिथली समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीच्या थरांतून. बाप वेगळे, पण पोटात दोघींच्याही स्मेक्टाइट गटातली तीच चिकणमाती. शास्त्रज्ञ दोघींनाही ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. यातला ‘ह्यूस्टन ब्लॅक’ हा प्रकार तर टेक्ससची राज्यमृदा म्हणून ओळखला जातो.

या मातीचा पाण्याशी व्यवहार दुटप्पी असतो. कोरड्या दिवसांत भेगा खोलवर जातात, त्यामुळे पहिला पाऊस सरळ पोटात उतरतो. माती फुगली की भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी जवळपास आत घेत नाही. उरलेला पाऊस वाहून जातो. वेकोजवळच्या रीझल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात १९३०च्या दशकापासून अशा मातीवरचा पाऊस आणि वाहणारं पाणी मोजलं जात आहे. मूळच्या गवताळ रानात बिग ब्लूस्टेमसारख्या गवतांची दोन-तीन मीटर खोल गेलेली मुळं ही घडामोड सांभाळून घेत. आता टेक्ससच्या या ‘ब्लॅकलँड प्रेअरी’चा एक टक्काही मूळ स्वरूपात उरलेला नाही. कॉलिन काउंटीत पार्कहिल प्रेअरी या उद्यानात त्याचा लहानसा तुकडा जपला आहे.

रस्ता बांधणाऱ्याला हीच माती शत्रू वाटते, कारण फुगणारी-आक्रसणारी जमीन वरचा थर फोडते. म्हणून मातीत चुना मिसळतात. चुन्यातलं कॅल्शियम चिकणमातीच्या पापुद्र्यांना बांधून ठेवतं, फुगणं कमी होतं आणि पाया घट्ट होतो. अभियांत्रिकी म्हणून हे उत्तम. पण भेगांमधून पाणी पिणारी जमीन त्या पट्ट्यात कायमची मिटते. हिशेब करून पाहा: एक हेक्टर फरसबंदीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी तिथून वाहून निघतं.

महामार्गापासून नळापर्यंत

हे पाणी जातं कुठे? ईस्ट फोर्क नदी मॅकिनीच्या पूर्वेकडून वाहत लॅव्हन सरोवरात येते. नॉर्थ टेक्सस म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्ट या सरोवराचं पाणी शुद्ध करून प्लेनोसह आसपासच्या कितीतरी शहरांना पुरवते. म्हणजे २५ किलोमीटर दूरच्या रस्त्याबद्दल ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्या प्लेनोकराचा संबंध रोज नळ उघडताना येतो.

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात ब्रेकच्या भुकटीतलं तांबं असतं, टायरमधलं जस्त असतं, तेल असतं. आणि काही गोष्टी अशा, ज्या कुणी शोधतच नव्हतं. वॉशिंग्टन राज्यात वर्षानुवर्षं कोहो सॅमन मासे पावसानंतर शहरी ओढ्यांमध्ये पटापट मरत होते. २०२०च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा उलगडा झाला. टायरचं रबर ओझोनमुळे चिरू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते स्वतः ओझोनशी संयोग पावून ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि हेच मारेकरी होतं. टेक्ससच्या ओढ्यांत कोहो नाहीत आणि लॅव्हनचं पाणी शुद्ध होऊनच घरी येतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. मुद्दा इतकाच, की वाहनाच्या धुराकडे पाहता पाहता त्याच्या चाकांकडे दुर्लक्ष झालं. विजेवरची गाडी आली तरी टायर झिजणारच.

यावर उपायही सापडला आहे. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं, तर त्यात सोडलेले कोहो जगतात, हे प्रयोगांनी दाखवलं. असे गाळथर सुरुवातीपासून आराखड्यात धरले तर रस्त्याच्या कडेला सहज बसतात. नंतर बसवायला गेलं, तर जागा नसते आणि पैसेही नसतात.

आवाजाचं गणित

टकर हिलच्या रहिवाशांना गोंगाटाची भीती होती, म्हणून तिथे रस्ता जमिनीच्या पातळीखाली नेण्याचा आराखडा पुढे आला. कल्पना चांगली आहे, कारण खड्ड्याच्या भिंती आवाजाची सरळ वाट अडवतात. पण डेसिबलचं गणित फसवं असतं. वाहतूक दुप्पट झाली, की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. उलट, महामार्गापासूनचं अंतर दुप्पट केलं, तरी मोकळ्या कठीण जमिनीवर आवाज तीनच डेसिबलने उतरतो. गुणगुण फार दूरवर पुरते ती यामुळे. शिवाय मोटार वेगात असताना इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा असतो.

माणूस खिडकी लावून घेतो, पाखरांचं काय? आयडाहोतल्या बॉइझी स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्ताच नसलेल्या डोंगरधारेवर सुमारे अर्धा किलोमीटर ध्वनिक्षेपक लावले आणि त्यांवरून नुसता वाहतुकीचा आवाज सोडला. गाड्या नाहीत, धूर नाही, डांबर नाही. तरी स्थलांतरी पक्ष्यांची संख्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. २०१३मध्ये हा ‘भुताचा रस्ता’ प्रसिद्ध झाला आणि आवाज हा स्वतंत्रपणे अधिवास नासवतो, हे सिद्ध झालं.

हवेचा पट्टा तुलनेने अरुंद. लॉस एंजेलिसच्या महामार्गांवर २००२मध्ये झालेल्या मोजणीत अतिसूक्ष्म कणांची संख्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे ३०० मीटरवर नेहमीच्या पातळीला आली. शाळा आणि दवाखाने कुठे नसावेत, याचं हे साधं मोजमाप.

कोंडी फुटते, मग?

सर्वांत रुंद परिणाम वाहतुकीचा. अर्थशास्त्रज्ञ जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं, की मार्गिकांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचं धावणंही वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८मध्ये रुंद झाला; सेवा रस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. वाढत्या पोरासाठी दोन मापं मोठा सदरा शिवावा, तशातली ही गत.

समर्थकांची बाजूही हलकी नाही. माणसं आधीच आली आहेत आणि येत राहणार आहेत. महामार्ग झाला नाही, तर त्यांच्या गाड्या सिग्नलवर थांबून धूर सोडतील, गल्लीबोळांत शिरतील, चौकाचौकांत अपघात होतील. हे खरंच आहे. पण रुंद रस्ता सध्याची गर्दी वाहून नेतो, तशी पुढची वस्तीही बोलावतो. परिणामांच्या हिशेबात ती वस्ती कुणाच्या खात्यावर मांडायची?

नेमका इथे कायदा अंग चोरतो. १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू झाला आणि मोठ्या प्रकल्पांना परिणाम अहवाल बंधनकारक झाला. टेक्ससमध्ये डिसेंबर २०१४पासून महामार्गांच्या अहवालांना मंजुरी देण्याचा केंद्राचा अधिकार टेक्सडॉटलाच मिळाला आहे. रस्ता बांधणारं आणि तपासणारं खातं एकच. त्यात २९ मे २०२५ला युटामधल्या एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रकल्पामुळे उभे राहू शकणाऱ्या दुसऱ्या, स्वतंत्र प्रकल्पांचे परिणाम तपासण्याची सक्ती खात्यावर नाही. विज्ञानाने मोजलेला रस्ता रुंदावत चालला असताना कायद्याने मोजलेला रस्ता आक्रसतो आहे.

रस्ता नको, असा याचा अर्थ नाही. आपल्याच पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर प्राण्यांसाठी खालून नऊ मार्ग बांधले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी २०१९मध्ये त्यांतून जाताना वाघासह १८ जातींचे प्राणी टिपले. सॅन अँटोनियोत २०२०च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावरून झाडाझुडपांचा पूल खुला झाला. दोन्हीकडे रस्त्याच्या कडेपलीकडचा विचार झाला.

३८०चं प्रत्यक्ष काम टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं चालेल, आणि त्याचे तपशील अजून ठरायचे आहेत. तेव्हा पुढच्या सभेत ‘ए की बी’ यापलीकडे तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी ईस्ट फोर्कमध्ये उतरण्याआधी कशातून गाळलं जाणार? नदीच्या पूरक्षेत्रात भराव किती आणि खांबांवरचा पूल किती? कडेच्या ३०० मीटरांत शाळा आणि वसाहतींना परवानगी कोण देणार? पहिल्या दोहोंची उत्तरं टेक्सडॉटने द्यायची आहेत, तिसऱ्याचं नगरपालिकांनी. आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदार तुरळक येतात, त्यामुळे तिथे शे-दोनशे कुटुंबांनी मनावर घेतलं तरी फरक पडतो.