जुनी भिंगं, नवा कॅमेरा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा पुतण्या घरी आला आणि म्हणाला, "चाचा, अब्बांच्या लेन्स काढून टाकतो." हा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. मोमीनपुऱ्यातला आमच्या भाईजानचा छोटासा स्टुडिओ आता तोच चालवतो. भाईजान गेले तेव्हा मागे एक लोखंडी पेटी राहिली. तिच्यात निकॉनच्या पाच लेन्स आणि एक जुनी रशियन लेन्स. पुतण्याला नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, जुन्या कॅमेऱ्याबरोबर लेन्सही देऊन टाका, नव्यावर त्या चालायच्या नाहीत. पेटीभर लेन्सचे तो जेवढे पैसे देत होता, तेवढ्यात एक चांगली नवी लेन्स आली नसती. बाकीच्यासाठी कर्ज. भाभी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी त्या दिवशी पेटी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, भौतिकशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला. तरी ते "चालायच्या नाहीत" मला खटकलं. महिनाभर वाचलं, जाणत्यांना विचारलं, पुतण्याच्या मित्राचा कॅमेरा मागून हाताने करून पाहिलं. आपल्याही घरात एखादी अशी पेटी असेल, म्हणून जे कळलं ते सांगतो.

आपला जुना चांगला कॅमेरा, म्हणजे एसएलआर, त्याच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो. 'खटाक्' असा जो आवाज येतो त्यात मोठा वाटा त्या आरशाचा. आता आरसा हलायचा तर त्याला जागा हवी. म्हणून लेन्स जिथे अडकते ती कडी आणि मागची फिल्म यांच्यात ऐसपैस अंतर ठेवावं लागे. निकॉनने १९५९ साली 'एफ' कॅमेरा काढला, त्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं. पुढे फिल्म जाऊन सेन्सर आला, तरी कंपनीने त्या घराण्यात हे अंतर बदललं नाही.

मिररलेस म्हणजे आरसा काढून टाकलेला कॅमेरा. सेन्सरवर पडलेलं चित्रच डोळ्यासमोरच्या इवल्या पडद्यावर दिसतं. आरसा गेला, मग रिकाम्या जागेचं काय काम? निकॉनने २०१८ मध्ये झेड मालिका आणली, तिच्यात हे अंतर १६ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या नव्या मालिकेत ते २० आहे, सोनीत १८.

लेन्स ज्या अंतरासाठी घडवलेली असते, त्याच अंतरावर ती दूरचं दृश्य रेखीव पाडते. जुन्या निकॉन लेन्सला ४६.५ हवेत, नव्या कॅमेऱ्यात १६ आहेत. कमी पडले ३०.५. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी मध्ये बसवली की हिशेब पुरा होतो. हाच अ‍ॅडॉप्टर. त्याच्या आत काच नसते, नुसती हवा असते, त्यामुळे तो नीट बनवलेला असला तर चित्राची प्रत बिघडत नाही. उलटं मात्र जमत नाही. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर लावायची तर अंतर कमी करावं लागेल, आणि ते कुठून काढणार?

ही गोष्ट मला त्या रशियन लेन्सने पटवून दिली. तिचं नाव हेलिऑस ४४-२, ५८ मिलिमीटरची. भाईजाननी ती झेनिट कॅमेऱ्यासकट मुंबईच्या चोरबाजारातून आणली होती. जर्मनीच्या झाइस कंपनीची बायोटार नावाची लेन्स होती, तिच्या आराखड्यावरून सोव्हिएत रशियात ही घडवली गेली. झाडाखाली माणूस उभा करून फोटो काढा, मागची पानं भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात. झेनिट बिघडल्यावर भाईजाननी ती निकॉनवर बसवायची फार खटपट केली. जवळचं दिसे, लांबचं धूसर. ते स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. दोष एका मिलिमीटरचा होता. या आट्यांच्या लेन्सला ४५.४६ मिलिमीटर हवेत आणि निकॉनमध्ये आधीच ४६.५ आहेत. ओळीत एक मात्रा कमी पडली तर भरून काढता येते, जास्त झाली तर शब्दच मोडावा लागतो. मध्ये काच घातलेले अ‍ॅडॉप्टर मिळत, पण त्यांनी चित्र मऊ पडे. झेड कॅमेऱ्यावर आता साध्या नळीने तीच लेन्स क्षितिजापर्यंत रेखीव दिसते. भाईजान असते तर हे त्यांना सांगायला मला आवडलं असतं.

आता दुकानदाराचंही थोडं ऐकायला हवं, कारण तो सगळंच खोटं बोलत नव्हता. लेन्स बसते, चित्र देते, पण तिची सगळी कामं चालतीलच असं नाही. निकॉनच्या नावापुढे 'डी' असलेल्या जुन्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. ती मोटर कॅमेऱ्याच्या अंगात असे आणि एका छोट्या पेचाने लेन्स फिरवी. निकॉनच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये, म्हणजे एफटीझेडमध्ये, ती मोटर नाही. म्हणून ५० आणि ८५ च्या 'डी' लेन्स आणि ती वजनदार ८०-२००, तिन्हींचा फोकस हातानेच करायचा. 'एएफ-एस' लिहिलेल्या लेन्समध्ये मोटर आतच असते, ती नव्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करते. आमच्या पेटीतली २४-७० त्या जातीची निघाली आणि लग्नात निम्म्याहून जास्त काम तिचंच. कॅननवाल्यांचं नशीब बरं. त्यांनी १९८७ मध्येच मोटर आणि अ‍ॅपर्चरची सूत्रं लेन्समध्ये टाकून सगळा कारभार विजेचा केला, त्यामुळे त्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरवर जवळपास पहिल्यासारख्याच चालतात.

पाचवी लेन्स १८-५५, छोट्या सेन्सरसाठी केलेली. फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट, १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने रूढ केलेली. छोटी लेन्स तिथे लावली तर कॅमेरा फक्त मधला भाग घेतो आणि २४ मेगापिक्सेलमधले दहाच्या आसपास उरतात. ती शेजारच्या मुलाला दिली, त्याच्याकडे त्या मापाचा कॅमेरा आहे. फिल्मच्या काळातल्या लेन्स मात्र पूर्ण चौकट भरतात. छोट्या सेन्सरवर ७५ सारखी वागणारी ५० ची लेन्स इथे पुन्हा ५० ची होते.

हाताने फोकस करणं वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही. जिथे चित्र रेखीव झालं तिथल्या कडा पडद्यावर रंगीत दिसतात, आणि हवा तेवढा भाग मोठा करून पाहता येतो. माझ्या चष्म्यातूनसुद्धा जमलं. कॅमेऱ्याच्या अंगात थरथर आवरण्याची सोय असेल तर लेन्स किती मिलिमीटरची आहे ते आपण त्याला सांगायचं, बिनविजेच्या लेन्सचं त्याला आपोआप कळत नाही. काही कॅमेरे अशा लेन्सवर बटणच दाबू देत नाहीत. त्यांच्या यादीत 'लेन्सशिवाय शटर' असा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो.

स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर घेताना लेन्स लावून हलवून पाहा. खडखडला तर परत करा. आतून चकचकीत असेल तर प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन चित्र फिकं पडतं. आणि जड लेन्स असली की कॅमेरा धरून चालू नका, लेन्स धरा.

त्याआधी खरी परीक्षा बुरशीची. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. नागपूरचा मे महिना तिला मानवत नाही, पण जुलै-ऑगस्टची दमट हवा मानवते, आणि चामड्याची पिशवी तर फारच. भाईजाननी लेन्स अशा पिशव्यांत जपून ठेवल्या होत्या, त्यामुळेच ८५ ची लेन्स गेली. आतल्या काचेवरचा लेप खाल्ला गेला होता. बाकीच्या आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह आहेत.

पुतण्याने कर्ज काढलं, पण फक्त कॅमेरा आणि अ‍ॅडॉप्टरपुरतं. ८०-२०० वर आमचा वाद झाला. मी म्हणत होतो, हाताने फोकस कर, सवय होईल. तो म्हणाला, "चाचा, रुखसतीला नवरी थांबत नाही." त्याचंच बरोबर होतं. त्याने जुना कॅमेरा विकला नाही, कारण त्याच्या अंगात ती पेचाची मोटर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या गर्दीत तो त्याच्या गळ्यात होता, ८०-२०० सह. नव्या कॅमेऱ्यावर हेलिऑस लावून त्याने पहिला फोटो भाभींचा काढला, अंगणातल्या कडुनिंबाखाली. पानं मागे फिरत होती. भाभींनी फोटो नंतर पाहिला. आधी लेन्स हातात घेऊन ती तीच आहे ना, एवढं बघितलं.