वस्तीच्या शेवटच्या नळाचं पाणी तपासून घ्या

पाणी स्वच्छ दिसतं, तरी पावसाळ्यात घरोघरी जुलाब आणि टायफॉइड का होतो? नळ बंद असला की पाइप रिकामा होतो. तो गटारातून गेलेला आणि फुटका असेल तर घाण आत ओढली जाते. नळ सुटला की ती आपल्या हंड्यात येते. म्हणून गावच्या टाकीतलं पाणी चांगलं असलं, तरी वस्तीच्या शेवटच्या नळाचं वेगळं तपासायला हवं.

त्यासाठी एचटूएस नावाची लहान, स्वस्त बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी 1982 साली जगापुढे मांडली. विष्ठेसोबत येणारे जिवाणू जो वायू सोडतात, त्याने बाटलीतलं पाणी काळं पडतं. वीज लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही.

आम्ही सुचवतो, दोन बाटल्या वापरा. एक नळावर भरा, दुसरी घरातल्या पिण्याच्या माठातून. आधी मुदत पाहा. हात साबणाने धुवा, नळ दोन मिनिटं वाहू द्या. बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आत बोट लावू नका. खुणेपर्यंत भरा, झाकण लावून हलवा आणि उबदार जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. थंडीत फडक्यात गुंडाळा. 24 तासांनी पाहा, नंतर 48 तासांनी पुन्हा पाहा.

नळाची बाटली काळी झाली तर दोष पाइपात किंवा टाकीत आहे. नळाची तशीच राहिली आणि माठाची काळी झाली तर माठ घासून धुवा, झाकून ठेवा, पाणी ओगराळ्यानेच काढा. काहीही काळं झालं तरी पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच प्या. काळ्या बाटलीत ब्लीचिंग पावडर टाकून, काही वेळ ठेवून, मग पाणी शोषखड्ड्यात ओता.

या बाटलीने फ्लोराइड किंवा नायट्रेट कळत नाही. काही बोअरचं पाणी जमिनीतल्या गंधकामुळेही काळं पडतं. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आष्टी असो की परतूर तालुक्यातलं दुसरं गाव, त्या पाचजणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. त्यात आपल्या वस्तीतली एक तरी असावी. बाटल्या ग्रामपंचायतीकडे किंवा जलसुरक्षकाकडे मागा. काळ्या बाटलीचा फोटो, नळाची जागा आणि तारीख लिहून अर्ज द्या, पोच घ्या.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो सार्वजनिक पाण्यावरचा माणूस म्हणून हक्क होता. आज आपल्या दारात नळ आहे. त्यातून येणारं पाणी लेकरांना आजारी पाडणार नाही, एवढं मागणं त्याच हक्कातलं आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा, तपासणी करून घ्याच.