बालामाची खाण आणि भागधारकांचा विश्वास

शिसपेन्सिलीतील काळा पदार्थ म्हणजे ग्रॅफाइट. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या लिथियम बॅटरीत वजनाने सर्वाधिक लागणारे खनिज तेच. त्याचा जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक मोझांबिकच्या उत्तरेस, काबो डेल्गादो प्रांतातील बालामा येथे आहे. ही खाण सायरा रिसोर्सेस या ऑस्ट्रेलियन कंपनीची. खाणउद्योगातील बड्या पेढ्यांपुढे ती लहानच. परंतु नेतृत्वाची पारख कशी करावी, हा प्रश्न तिच्या भागधारकांइतका फार थोड्यांना छळला असेल.

2016 मध्ये या कंपनीचा समभाग सहा ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला होता. खाण तेव्हा सुरूही झाली नव्हती. 2017 च्या आरंभी शॉन व्हर्नर यांनी कारभार हाती घेतला आणि त्याच वर्षअखेर उत्पादन सुरू झाले. कारखान्याची क्षमता वर्षाला साडेतीन लाख टनांची. 2018 मध्ये निघाले सुमारे एक लाख टन, 2019 मध्ये दीड लाखाच्या आसपास. तेवढ्यात चीनमधील भाव कोसळले. व्हर्नर यांनी उत्पादन घटवले, 2020 मध्ये महामारीच्या काळात खाण बंद ठेवली आणि 2021 मध्ये पुन्हा उघडली. दरम्यान समभाग पन्नास सेंटच्याही खाली आला होता.

येथे गुंतवणूकदारांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, तोट्यात माल विकण्यापेक्षा तो जमिनीतच राहू देणे हा शहाणपणा होता. शिवाय अमेरिकेतील लुईझियाना राज्यात विडालिया येथे बॅटरीचा ॲनोड बनवण्याचा कारखाना उभारून व्हर्नर यांनी कच्च्या मालाच्या व्यापारातून पक्क्या मालाकडे वाट काढली. 2021 मध्ये टेस्लाशी करार झाला; पुढील वर्षी अमेरिकन सरकारने सुमारे दहा कोटी डॉलरचे कर्ज दिले. दुसरा पक्ष विचारतो, या साऱ्याची किंमत कोणी मोजली? वारंवार नवे समभाग काढल्याने जुन्या भागधारकाचा वाटा आक्रसत गेला, आणि नफ्याचे वर्ष मात्र पुढे पुढे सरकत राहिले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि भाव चीन ठरवतो. ॲनोडसाठी ग्रॅफाइटवर प्रक्रिया करण्याचा धंदा बव्हंशी त्याच्याच हाती आहे. ते व्यवस्थापनाच्या आवाक्याबाहेरचे. नेतृत्वाची खरी परीक्षा घरच्या उंबरठ्यावर झाली. सप्टेंबर 2024 अखेर खाणीसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी पुनर्वसनाच्या जुन्या तक्रारींवरून आंदोलन पुकारले आणि प्रवेश रोखला. पुढे निवडणुकीनंतरच्या देशव्यापी अशांततेची त्यात भर पडली. डिसेंबरमध्ये आपत्तीमुळे करार पाळणे अशक्य असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. अमेरिकन कर्जांच्या अटीही मोडल्या गेल्या. उत्पादन पुन्हा सुरू झाले ते जून 2025 मध्ये. मंदीत खाण मालकाने स्वतःच्या निर्णयाने थांबवली होती. या वेळी ती शेजाऱ्यांच्या रोषाने थांबली.

पुढचे चित्र संमिश्र आहे. जुलै 2025 मध्ये अमेरिकेने चिनी ॲनोड मालावर 93.5 टक्के प्राथमिक प्रतिशुल्क घोषित केले. विडालियासाठी ही मोठी संधी. त्याच महिन्यात टेस्लाने मालाच्या नमुन्यांवरून करारभंगाचा आक्षेप घेतला. कंपनीने तो अमान्य केला. शुल्काने स्पर्धक दूर राहील, पण ग्राहकाच्या कसोटीला माल उतरवण्याचे काम कोणतेही सरकार करून देणार नाही.

म्हणूनच अशा कंपनीचा तिमाही अहवाल हाती येताच समभागाच्या भावाआधी तीन गोष्टी पाहाव्यात: किती टन माल जहाजावर चढला, शिल्लक रोकड किती महिने पुरेल आणि गावकऱ्यांशी झालेल्या कराराचे पालन कुठवर आले. पहिल्या दोन गोष्टी आकड्यांत मिळतात. तिसरी बहुधा एखाद्या परिच्छेदात दडलेली असते, आणि बालामाला सर्वांत महाग पडली ती तीच.